एक प्रत, एक वाचक

कागदाच्या पुस्तकासाठी ग्रंथालयात नाव नोंदवून थांबणे आपल्याला समजते. पुस्तक एक आणि मागणारे दहा. ज्याच्या हाती ते आहे त्याने परत केल्याशिवाय दुसऱ्याला मिळणार नाही. परंतु ज्या पुस्तकाला कागद नाही, वजन नाही आणि ज्याची दुसरी प्रत काढण्यास निमिषही लागत नाही, त्यासाठी चार-चार, सहा-सहा महिने तिष्ठावे लागते, हे प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहावयास जाणाऱ्या आपल्या समाजातील ज्येष्ठांना हा अनुभव अलीकडे वारंवार येतो. सुनेने किंवा नातवाने फोनवर तेथील सार्वजनिक ग्रंथालयाचे 'लिबी' नावाचे ॲप बसवून दिलेले असते. हवे ते पुस्तक त्यात सापडतेही. मात्र मुखपृष्ठाच्या चित्राखाली पुस्तक घेण्याऐवजी प्रतीक्षायादीत नाव लावण्याची सूचना झळकते आणि तिच्याजवळ आठवड्यांचा आकडा असतो. सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी गेलेल्या आजोबांना सव्वीस आठवडे थांबावयास सांगितले, तर पुस्तक आणि परतीचे विमान एकाच दिवशी यावयाचे!

अशा वेळी कोणी ग्रंथालयाला कंजूष ठरवतो, तर कोणाला यंत्रात बिघाड वाटतो. वस्तुतः ग्रंथालयाने पैसे मोजलेले असतात आणि यंत्रही ठीक चालत असते. अडचण आहे ती सौद्यात, आणि सौद्याची भाषा आपल्या घरांना काही नवी नाही.

आपण दुकानातून माल विकला, पैसे घेतले, बिल फाडले, की त्या मालावरचा आपला हक्क संपला. गिऱ्हाइकाने तो वापरावा, कोणाला द्यावा, की घेतल्या भावापेक्षा कमी भावाने विकावा, हा त्याचा प्रश्न. अमेरिकेत हे तत्त्व पुस्तकांना लागू झाले ते एका दुकानदाराच्या खटल्यातून. बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने आपल्या एका कादंबरीत छापून टाकले होते, की कोणीही विक्रेत्याने ती एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकू नये. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकाशक न्यायालयात गेला. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की एकदा प्रत विकली की तिच्या पुढील व्यवहारावर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. पुढे हाच नियम १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १०९ म्हणून आला. अकरा सेंटच्या फरकावरून झालेल्या त्या भांडणाचे फळ तेथील सार्वजनिक ग्रंथालये आजवर उपभोगीत आहेत. पुस्तक विकत घेतले, ते आपले झाले. आता ते शंभर जणांना वाचावयास द्या, फाटले तर चिकटवा, जुने झाले तर रद्दीत काढा, कोणाची परवानगी नको.

ई-पुस्तकाच्या बाबतीत हे बिलच फाटत नाही. प्रकाशक ग्रंथालयाला पुस्तक विकीत नाही, ते वाचावयास देण्याचा परवाना देतो. हा परवाना बहुधा ओव्हरड्राइव्ह या कंपनीमार्फत मिळतो. क्लीव्हलँडच्या या कंपनीचेच लिबी हे ॲप. परवान्याची पहिली अट अशी, की एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. म्हणजे संगणकात अगणित प्रती निघू शकत असल्या, तरी दहा परवाने घेतलेल्या ग्रंथालयाला दहाच वाचकांना पुस्तक देता येते, अकरावा रांगेत. दुसरी अट मुदतीची. मोठ्या प्रकाशकांचे परवाने आज बहुतांशी दोन वर्षांचे असतात. दोन वर्षे सरली, की पुस्तक ग्रंथालयाच्या फडताळातून आपोआप नाहीसे होते, मग ते पन्नास जणांनी वाचलेले असो की पाच जणांनी. पुन्हा हवे असल्यास पुन्हा पैसे. गाळा विकत घेणे आणि गाळा भाड्याने घेणे यांत जो फरक, तोच येथे आहे. आणि हे भाडे सगळे आगाऊ द्यावयाचे असते.

आता थोडा हिशेब मांडू. मोठ्या प्रकाशकाचे नवे ई-पुस्तक सामान्य वाचकाला साधारण १५ डॉलरला मिळते आणि ते त्याच्याजवळ राहते. त्याच पुस्तकाच्या दोन वर्षांच्या परवान्यासाठी ग्रंथालयाला ६० डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. समजा, एका शहराच्या ग्रंथालयाने एका गाजलेल्या कादंबरीचे बारा परवाने घेतले. ७२० डॉलर झाले. रांगेत ३०० वाचक आहेत, म्हणजे एका परवान्यामागे पंचवीस. प्रत्येकाने एकवीस दिवसांची पूर्ण मुदत वापरली, तर शेवटच्या वाचकाची पाळी बहात्तर आठवड्यांनी येईल. परवान्याचे आयुष्य एकशे चार आठवड्यांचे. तेवढ्या काळात एक परवाना फार तर चौतीस जणांच्या हाती जातो, म्हणजे दर वाचनामागे पावणेदोन डॉलर खर्च पडला. हे झाले पुस्तक दोन्ही वर्षे सतत फिरत राहिले तर. गाजलेल्या पुस्तकाची हवा बहुधा पहिल्या वर्षातच ओसरते. दुसऱ्या वर्षी परवाना नुसता पडून राहतो आणि खर्चाचा आकडा वर चढतो. ग्रंथपालापुढे पेच असा, की रांग कमी करण्यासाठी आणखी बारा परवाने घ्यावेत, तर ज्या कमी खपाच्या पुस्तकांसाठी पैसे राखून ठेवावयाचे, तेच यात जातात. हंगामात किती माल भरावा आणि हंगाम सरल्यावर तो अंगावर पडेल काय, ही विवंचना कापडाच्या पेढीवर बसलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगावयास नको.

ही स्थिती एका दिवसात आली नाही. आरंभी काही मोठे प्रकाशक ग्रंथालयांना ई-पुस्तके देण्यासच तयार नव्हते. मार्च २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने अट घातली, की एक ई-पुस्तक सव्वीस वेळा दिले गेले की परवाना संपला. कागदाचे पुस्तकही इतक्या वापराने झिजते, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथपालांनी सव्वीसहून कितीतरी अधिक वेळा फिरलेली, तरीही धडधाकट असलेली पुस्तके दाखवून त्याची थट्टा केली. पुढे २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत पेंग्विन रँडम हाउस, हॅशेट आणि सायमन अँड शुस्टर यांनी दोन वर्षांच्या मुदतीची पद्धत स्वीकारली. सर्वांत कडक पाऊल मॅकमिलनचे. १ नोव्हेंबर २०१९ पासून नवे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर पहिले आठ आठवडे एका ग्रंथालयव्यवस्थेला, ती केवढीही मोठी असो, एकच ई-प्रत द्यावयाची, असे त्यांनी ठरविले. लक्षावधी वाचक असलेल्या शहरालाही एक आणि चार हजार वस्तीच्या गावालाही एक! सिअॅटलच्या परिसरातील किंग काउंटीच्या ग्रंथालयांनी मॅकमिलनची नवी ई-पुस्तके घेणेच थांबविले. इतरही पुष्कळ ग्रंथालयांनी तोच मार्ग धरला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या निषेधपत्रावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या. मार्च २०२० मध्ये, करोनाने ग्रंथालयांची दारे बंद होत असताना, मॅकमिलनने तो नियम मागे घेतला.

प्रकाशकांची बाजूही ऐकावयास हवी. व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याची अडचण दिसली पाहिजे. कागदाचे पुस्तक घेण्यासाठी वाचकाला घराबाहेर पडावे लागते, थंडीत गाडी काढावी लागते, मुदत टळली तर दंड भरावा लागतो. या कटकटीमुळेच पुष्कळ लोक पुस्तक विकत घेणे पसंत करतात. ई-पुस्तकात ही कटकट उरलेली नाही. अंथरुणात पडल्या पडल्या बोटाच्या एका स्पर्शाने फुकट मिळणारे पुस्तक पंधरा डॉलर देऊन कोण घेईल? मॅकमिलनचे तेव्हाचे प्रमुख जॉन सार्जंट यांनी लेखकांना पाठविलेल्या पत्रात लिहिले होते, की अमेरिकेत आपल्या ई-पुस्तकांच्या वाचनांपैकी ४५ टक्के वाचने ग्रंथालयांतून फुकट होतात. हा आकडा त्यांचा, आणि ग्रंथपालांना तो पटला नाही. पण भीती खोटी नव्हती. लेखकाचे मानधन खपावर अवलंबून असते. एका प्रतीवर एकाच वेळी हजार जणांनी वाचावे असे म्हणणारा मनुष्य लेखकाच्या घरची चूल विसरतो. एका वेळी एक वाचक ही अट म्हणून मला न्याय्य वाटते. कागदाच्या पुस्तकाचा तोच स्वभाव आहे. न पटणारी गोष्ट आहे ती मुदतीची. न वाचले गेलेले पुस्तकही दोन वर्षांनी मरते आणि ग्रंथालयापाशी पुढच्या पिढीसाठी काही उरत नाही, हा व्यवहार ग्रंथालय या संस्थेच्या मुळावरच येतो.

कायद्याचा आधार घेण्याचे प्रयत्न झाले. मेरिलँड राज्याने २०२१ साली कायदा केला, की जे प्रकाशक जनतेला ई-पुस्तके विकतात त्यांनी ती वाजवी अटींवर ग्रंथालयांनाही दिली पाहिजेत. प्रकाशकांनी दावा लावला. कॉपीराइट हा केंद्राचा विषय आहे, राज्याला त्यात हात घालता येत नाही, या कारणास्तव २०२२ मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. न्यूयॉर्कमध्ये तसेच विधेयक विधिमंडळाने संमत केले, पण गव्हर्नरनी सही केली नाही. युरोपात मात्र २०१६ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने म्हटले, की एका वेळी एकच वाचक ही अट पाळली जात असेल तर ई-पुस्तक उसने देणे हे कागदाचे पुस्तक उसने देण्यासारखेच मानता येते.

इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने निराळीच वाट काढली होती. कागदाचे विकत घेतलेले पुस्तक छायांकित करावयाचे, कागदाची प्रत कपाटात बंद ठेवावयाची आणि तिच्या जागी छायांकित प्रत एका वेळी एकाला द्यावयाची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तिने ही मर्यादाही उठविली आणि रांगच नाहीशी केली. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला. २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. न्यायालयाने मर्यादा उठविण्यालाच नव्हे, तर एका कागदी प्रतीमागे एक छायांकित प्रत या मूळ पद्धतीलाही मान्यता दिली नाही.

हे सारे वाचताना जैन वाचकाचे मन मूडबिद्रीकडे वळल्याशिवाय राहत नाही. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका नवव्या शतकातील. तिच्या ताडपत्रावरील प्रती शतकानुशतके मूडबिद्रीच्या सिद्धांत-बसदीत राहिल्या. यात्रेकरूंना लांबून दर्शन घडे. वाचन घडत नसे. पाने जीर्ण होत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद या दोन व्यापारी गृहस्थांनी मनावर घेतले, की या ग्रंथाची नक्कल झाली पाहिजे. बसदीच्या व्यवस्थापकांचे मन वळविण्यात आणि नक्कल करून घेण्यात वर्षांमागून वर्षे गेली. नक्कल झाली, तरी ती मंदिराबाहेर जाऊ नये असा निर्बंध होता. असे सांगितले जाते, की नक्कल करणाऱ्या पंडितांपैकी एकाने पत्नीच्या साहाय्याने घरी गुपचूप आणखी एक प्रत तयार केली आणि तीच पुढे सहारनपूरला पोहोचली. तेथे देवनागरीत लिप्यंतर होताना आणखी एक प्रत निघाली, तिच्या नकला गावोगावी गेल्या. अखेर १९३९ साली आपल्या अमरावतीत प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड छापून बाहेर आला. सोळावा खंड येण्यास १९५८ उजाडले. श्रुतपंचमीला ज्या ग्रंथाचे आपण पूजन करतो, तो वाचण्यासाठी समाजाने हजार वर्षांहून अधिक काळ रांग लावली होती असे म्हटले तरी चालेल.

त्या पंडिताला काय म्हणावे, यावर आमच्याकडील स्वाध्यायमंडळात दोन तट पडलेले मी ऐकले आहेत. एक म्हणतो, त्याने श्रुताचे रक्षण केले. दुसरा म्हणतो, दिलेला शब्द मोडला. मला इतकेच दिसते, की वीरसेनाचार्यांनी ग्रंथ लिहिला तो कोणाच्या चरितार्थासाठी नव्हे. त्या ग्रंथावर एकट्याचा हक्क नव्हता. आजच्या कादंबरीचे तसे नाही. तिच्या मागे जिवंत लेखक आहे, त्याचे घर आहे, आणि किंमत ठरवून त्याने ती बाजारात आणलेली आहे.

हा भेद सांगणे जरूर आहे, कारण रांगेत थांबून कंटाळलेल्या घरात पुढे काय होते ते आपण जाणतो. कोणीतरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच पुस्तकाची पीडीएफ पाठवितो. ती कोठून आली हे कोणी विचारीत नाही. 'आपण कोठे चोरली? आली ती वाचली', इतके समाधान पुरेसे वाटते. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत, त्यांत स्वतः चोरी करणे नाहीच; ते व्रतभंगातच जमा. अतिचारांत आहे तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेला माल घेणे. त्याच्या जोडीला खोटे वजनमाप आणि अस्सल मालात नकली मिसळणे हेही आहेत. ही यादी करणाऱ्या आचार्यांपुढे बाजारात बसणारा श्रावक होता, हे उघड आहे. पेढीवर चोरीचा माल स्वस्त मिळाला तरी घेणार नाही अशी ज्यांच्या घराण्याची पत, त्यांच्या फोनमध्ये मात्र डझनभर चोरीची पुस्तके असतात. फोनमधील मालाला बिल नसते म्हणून तो नजरेस येत नाही, एवढेच.

याउलट जे ज्ञान सर्वांसाठी मोकळे आहे, ते मोकळेपणे घ्यावे. अमेरिकेतील जैन संघांच्या 'जैना' या महासंघाच्या शिक्षणसमितीने 'जैन ई-लायब्ररी' उभी केली आहे. तेथे आगम, टीका, कोश, चरित्रे अशी हजारो पुस्तके विनामूल्य मिळतात. रांग नाही, मुदत नाही. शास्त्रदानाची आपली जुनी रीत, जीत व्यापारी आईबापांच्या श्रेयासाठी ग्रंथाच्या नकला करवून भांडारांना देत आणि ग्रंथाच्या शेवटी त्यांची नावे लिहिली जात, तिचेच हे आजचे रूप. नव्या मराठी पुस्तकांसाठी अशी सोय व्हावी तर लेखकाला योग्य मोबदला देऊन हक्क घ्यावे लागतील. जयंतीच्या दिवशी फ्लेक्सवर होणाऱ्या खर्चातून किती पुस्तकांचे हक्क घेता येतील, याचा हिशेब एखाद्या मंडळाने मांडून पाहावा.

तोवर ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मुक्कामास जाण्यापूर्वीच मुलाच्या कार्डावर दोन-तीन पुस्तकांसाठी नाव लावून ठेवावे. रांग भारतात बसूनही पुढे सरकते. एकाच ॲपमध्ये एकाहून अधिक ग्रंथालयांची कार्डे ठेवता येतात. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्याला न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही ग्रंथालयांचे कार्ड मिळू शकते. एकीकडे रांग मोठी तर दुसरीकडे लहान असते. काही ग्रंथालये 'हूप्ला' नावाची दुसरी सेवा देतात. तिच्यात रांगच नसते, कारण दर वाचनामागे ग्रंथालय वेगळे पैसे भरते. म्हणून महिन्याला ठरावीक पुस्तकेच घेता येतात, आणि सगळी नवी पुस्तके तेथे नसतात. ग्रंथालयाकडे नसलेले पुस्तक त्यांनी घ्यावे अशी सूचना ॲपमधूनच करता येते, आणि ग्रंथपाल ती खरोखर पाहतात.

आपली पाळी आल्यावर पुस्तक घेण्यासाठी तीन दिवस मिळतात. पर्युषणात किंवा लग्नाच्या घाईत वाचणे जमणार नसेल, तर ते तीन दिवस नुसते घालवू नयेत. 'नंतर पाठवा' असा पर्याय असतो. त्याने आपली जागा जात नाही आणि पुस्तक मागच्या माणसाकडे जाते. वाचून झालेले पुस्तक मुदत संपेपर्यंत फोनमध्ये ठेवून देण्याची सवय मात्र पुष्कळांना असते. मुदत सरली की ते आपोआप परत जातेच, मग घाई कशाला, असे वाटते. वर मांडलेल्या हिशेबात प्रत्येकाने एकवीसऐवजी दहा दिवसांत पुस्तक परत केले, तर शेवटच्या वाचकाची पाळी बहात्तर आठवड्यांऐवजी चौतीस आठवड्यांत येते. त्यासाठी ग्रंथालयाला एक डॉलरही जास्त लागत नाही. पुस्तकाच्या चित्रावर बोट ठेवून 'परत करा' म्हटले, की रांगेतील पुढच्या माणसाच्या फोनवर थोड्याच वेळात सूचना जाते.